मंजुळामामीच्या पायाची चिठ्ठी

डोंबिवली पश्चिम
१२ जानेवारी २०२५

चि. भावना,

तुझ्या मामाचे आशीर्वाद. मी फोन उचलत नाही म्हणून तू आमच्या प्रणितला चार वेळा विचारलंस. उचलणार नाही. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, आणि उद्या "मी असं म्हणालेच नव्हते" म्हणायला तू मोकळी. जे सांगायचं ते लिहून सांग, तारीख घाल, खाली सही कर. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली. लिहिलेल्याशिवाय मी विश्वास ठेवत नाही आणि लिहिलेल्यावरही लगेच ठेवत नाही.

तू पाठवलेले संमतीचे अकरा पानी कागद तीनदा वाचले. तुझ्या मामीचा पाय कसा आहे ते तुला ठाऊकच आहे. मागच्या फेब्रुवारीत मच्छी मार्केटातून येताना रिक्षाने उडवलं, उजव्या पायाची नळी मोडली. कल्याणला सळई घातली. एप्रिलपासून पू यायला लागला तो आजतागायत. तीन डॉक्टर झाले. शेवटच्याने तर सरळ सांगितलं की असंच चाललं तर पाय काढावा लागेल. मंजुळा त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. मीही नाही.

आणि अशा वेळी तू म्हणतेस की ठाण्याला तुमच्या हॉस्पिटलात नव्या सळईची चाचणी चालली आहे, तिथे आणा. चाचणी! पान सहावर छापलंय, "या उपचाराचा आपणास फायदा होईलच असे नाही." वा! पुढे पान नऊवर, "आपण कोणत्या गटात जाल हे आधी सांगता येणार नाही." म्हणजे काय देणार ते सांगणार नाही, गुण येईल असंही म्हणणार नाही, आणि सही मात्र आज पाहिजे. माझ्या बाबांनी आमच्या जमिनीतून जाणाऱ्या रस्त्याच्या कागदावर अंगठा दिला तेव्हा समोरचा माणूस म्हणालेला, "नुसती नोंद आहे हो." आज त्या नोंदीवरून गाड्या धावतात.

ससे झाले असतील, बकऱ्या झाल्या असतील, आता आमची मंजुळा सापडली का? आणि तू एवढी मागे का लागली आहेस? तुझ्या साहेबांना माणसं कमी पडतायत का? खरं लिही.

प्रभाकरमामा


ठाणे
१८ जानेवारी २०२५

ति. मामा,

नमस्कार. तारीख घातलीय, सही खाली आहे. आता तरी खूश व्हा.

मामीला तुम्ही बकऱ्यांच्या रांगेत बसवलंत हे तिला सांगू का? जेवायला वाढणार नाही ती तुम्हाला.

आता नीट सांगते. मामीच्या नळीत जी सळई आहे तिच्यावरच जंतूंनी बस्तान बसवलंय. गोळ्या आणि इंजेक्शनचं औषध रक्तातून जातं, आणि मेलेल्या हाडात रक्तच पोचत नाही, त्यामुळे वरून कितीही औषध घाला, आतले जंतू मजेत. म्हणून नव्या सळईवर औषधाचा थरच चढवलेला असतो. ती हाडात बसली की औषध काही आठवडे तिथल्या तिथे झिरपत राहतं. आमच्या लॅबमध्ये जंतू वाढवलेल्या बशीत तिचा तुकडा ठेवला की रात्रीत त्याच्याभोवती स्वच्छ गोल पडतो. मी स्वतः पाहिलाय. सशा-बकऱ्यांतही चांगलं दिसलं. पण बशीत होतं ते माणसात होईलच असं नाही. कुणाच्या किडनीवर ताण येऊ शकतो, कुणाचं हाड जुळायला वेळ लागू शकतो.

दुसरी, जुनी पद्धत. आतली सळई काढायची, हाड खरवडून साफ करायचं, पायाला बाहेरून लोखंडी चौकट लावायची आणि सहा आठवडे रोज शिरेतून इंजेक्शन. तिनेही पुष्कळ माणसं बरी झालीत. यातली जास्त चांगली कुठली? मामा, कुणालाच माहीत नाही. मोठ्या डॉक्टरबाईंनाही नाही. तुम्हाला हे पटणार नाही, कारण तुमच्या वर्गात उत्तर नेहमी मास्तरांच्या वहीत असायचं. इथे वही कोरी आहे, म्हणून तर चाचणी. निम्म्यांना ही, निम्म्यांना ती, आणि कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवतो, चिठ्ठी टाकल्यासारखं. म्हणजे डॉक्टरांची मर्जी, ओळखपाळख, काही चालत नाही.

मी मागे का लागलेय? माझ्या दहावीच्या वर्षी बाबा खोकून खोकून बेजार होते, आईला स्वयंपाक सुचायचा नाही. तेव्हा वर्षभर मामीने डबा पाठवला. तिचा पाय कापायला निघालेत आणि मी गप्प बसू? हे खरं कारण. लिहून दिलंय.

मात्र सही मामीची लागेल, तुमची नाही. तिला सगळं वाचून दाखवा. तिला नको असेल तर नको.

भावना


डोंबिवली पश्चिम
२ फेब्रुवारी २०२५

चि. भावना,

परवा मी माजिवड्याला तुमच्या हॉस्पिटलवर आलेलो. तुला कळवलं नाही. आमचे तपासणीचे साहेब शाळेत कळवून यायचे आणि त्यामुळे त्यांना कधी काही दिसायचं नाही. म्हणून मी दहा ते दोन तुमच्या फाटकासमोरच्या टपरीवर बसलो. चार कटिंग प्यायलो. प्रणितला खोटं सांगितलं की पेन्शनच्या कामाला जातोय.

ऐक काय पाहिलं ते. तुमच्या चाचणीतले दोघे भेटले. एक कल्याणचे अण्णा, कांद्याबटाट्याचे मोठे व्यापारी. त्यांनी पँट वर करून नळी दाखवली. खणखणीत! नुसता व्रण, बाकी काही नाही. त्यांना नवी सळई मिळालेली. त्यांच्या गाडीला ड्रायव्हर आहे. शेजारीच दिवा गावचा एक प्लंबर, बिचारा चौकट सांभाळत एका कुल्ल्यावर बसलेला. आता सांग, तुमच्या कॉम्प्युटरला ड्रायव्हर दिसतो का?

तर माझी खात्री पटली. आधी मला वाटलेलं की नवी सळई गरिबांवर करून बघतायत. उलटंच आहे. माल चांगला आहे आणि तो आपल्या माणसांसाठी राखून ठेवलाय. चिठ्ठी कशी निघते ते मला शिकवू नकोस. ज्याला काढायची असते त्याला ती बरोबर निघते.

तेव्हा आता माझं स्पष्ट म्हणणं असं की मंजुळेला सळईच मिळाली पाहिजे. तू तिथे आत बसतेस. बटण दाबणारी तू किंवा तुझ्या शेजारची कोणी. मामीचा डबा आठवतो म्हणालीस ना, मग आता दाखव.

सही तिने केली. मी अकरा पानं मोठ्याने वाचून दाखवली, मधेमधे शंका काढल्या, ती भाजी निवडत होती. शेवटी तिने एकच विचारलं, "चिठ्ठी कोण काढनार? मानूस का मशीन?" मी म्हटलं मशीन. तर लगेच हात पुसून सही करून मोकळी. बाकी एक अक्षर विचारलं नाही. बायकांना कशाची काळजी वाटेल सांगता येत नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघतो. हे पत्र वाचून फाड.

प्रभाकरमामा


ठाणे
२२ फेब्रुवारी २०२५

ति. मामा,

पत्र फाडलेलं नाही. उत्तरही मुद्दाम दिलं नव्हतं, कारण जे मागितलंत त्याला उत्तर नसतं.

ऑपरेशन चांगलं झालं हे डॉक्टरबाईंनी तुम्हाला सांगितलंच. मेलेलं हाड काढलं, जुनी सळई काढली. चिठ्ठीत चौकट निघाली म्हणून वॉर्डात सगळ्यांसमोर तुम्ही मला जे बोललात त्याला मी तिथे उत्तर दिलं नाही. मामीच्या कपाळावर घाम होता आणि ती तुमच्याकडे बघत होती. तिच्यासाठी गप्प राहिले. पण "घरची माणसं घात करतात" हे मी विसरणार नाही.

आता कामाचं. एक तारखेला मामीला घरी सोडतील. दंडात घातलेल्या नळीतून रोज सकाळी नऊला इंजेक्शन. आमची नर्स प्रीती डोंबिवलीतच राहते, ती घरी येऊन देईल. एकही दिवस चुकता कामा नये. ही साधी पद्धत आहे, हलकी नाही. फक्त ती रोजच्या रोज पाळावी लागते. औषध बंद पडलं तर उरलेले जंतू पुन्हा डोकं वर काढतात.

सोबत वही दिलीय. रोजचा ताप, इंजेक्शनची वेळ, जखम कोरडी की ओली, एवढंच लिहायचं. तुमचं अक्षर सुंदर आहे, तेव्हा ते काम तुमचं. आणि जे दिसेल तेच लिहा.

भावना


डोंबिवली पश्चिम
६ मार्च २०२५

भावना,

मायना नीट घालत नाही, राग मानू नकोस किंवा मान.

पंधरा दिवस झोप नाही. प्रीती येते, त्या बाटलीतलं पाण्यासारखं काहीतरी टोचते आणि जाते. मंजुळा चौकट घेऊन पलंगावर पडून असते. जखम अजून ओलीच. कल्याणचा अण्णा मात्र मंडईत फिरतोय. आणि मी विचार करतो, असं का? सख्ख्या भाचीच्या हातात असून असं का?

आता मला कळलंय. स्पष्टच लिहितो. तुझ्या वडिलांनी, रघुदाजींनी, मरण्याआधी तुला सांगितलं. तू मनात ठेवलंस. आणि वेळ आल्यावर बापाची चिठ्ठी माझ्या बायकोच्या पायावर फेडलीस.

पण त्यात मंजुळेचा काय दोष? ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मी सांगितलं तसं तिने केलं. आपल्या खाडीच्या बांधाला पाणी आत-बाहेर सोडायचं दार होतं, ती उघाडी. तिथे जाळं लावायचा हक्क गाव तीन वर्षांसाठी एका घराला द्यायचं आणि शिमग्यानंतर चिठ्ठी टाकून ठरवायचं. चिठ्ठी काढायची ती गावात नव्याने आलेल्या सुनेने. तिचा अजून कुणाशी हेवा नाही, दावा नाही, म्हणून. ऐंशी सालची नवी सून मंजुळा. चिठ्ठ्या लिहिणारा मी, गावातला एकटा शिकलेला. त्या वर्षी दोनच नावं होती, आमचं आणि रघुदाजींचं. मी आमची चिठ्ठी ओल्या मिठात घोळून वाळवली. हाताला खरखर लागली की तीच उचल, असं मंजुळेला आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं. तिने उचलली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनीसुद्धा.

बाबांवर तेव्हा तीन मुलींची लग्नं होती, दाजींचा संसार नवा होता, त्यांना दुसरं काही मिळेल असं मला वाटलं. मिळालं ते केमिकल कंपनीतलं काम. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही, तुझ्या आईच्या दारावरून जाताना रोज खोकला ऐकलाय.

माझं चुकलं, मान्य. पण सूड घ्यायचा तर माझ्यावर घे. माझा पाय घे. तिचा का?

प्रभाकर


ठाणे
१४ मार्च २०२५

ति. मामा,

तुमचं पत्र आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. तीनदा उत्तर लिहिलं आणि टाकून दिलं.

मला माहीत नव्हतं.

बाबांनी मला काही सांगितलं नाही, कारण त्यांनाही माहीत नव्हतं. उघाडीचा विषय निघाला की ते हसून म्हणायचे, "चिठ्ठीच निघाली नाय तर काय करनार?" बावीस वर्षं ॲसिडच्या वाफेत काम केलं आणि मरताना म्हणाले, प्रभाकरने माझ्या पोरीला शिकवलं, त्याचे उपकार विसरू नको. तुम्ही मला शिकवलंत ते कशासाठी, ते आज कळलं. आईला मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते तुमचं काम आहे.

आता ही चिठ्ठी. मामीचं नाव यादीत आलं त्याच दिवशी मी डॉक्टरबाईंना लिहून दिलं की ही माझी मामी आहे, मला या केसमधून बाजूला ठेवा. बटण दाबलं दुसऱ्या मुलीने. तिने तुम्हाला कधी पाहिलेलंही नाही. मी तेव्हा त्या खोलीतसुद्धा नव्हते. हे तुम्हाला आधी सांगितलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, भाचीने हात झटकले. सांगायला हवं होतं, ती माझी चूक.

आणि आता मला एक शंका येतेय, मामा. शंका घ्यायला मी तुमच्याकडूनच शिकले.

काल प्रणितने एक ते बारा मार्चची वही आणून दिली. मी केसमध्ये नसले तरी घरच्यांनी आणलेली वही माझ्याच टेबलावर आली. एक ते सहा तारखेपर्यंतच्या नोंदी खऱ्या वाटतात. एकदा ताप ९९.२, एकदा इंजेक्शन सव्वानऊला, एका पानावर चहाचा डाग. सात तारखेपासून सगळं बदललं. रोज ९८.४. रोज बरोब्बर नऊ. रोज "जखम कोरडी". एकच पेन, एकच शाई, एकही खाडाखोड नाही. सहा दिवसांच्या नोंदी एका बैठकीत लिहिल्यात तुम्ही. तपासणीच्या आदल्या दिवशी हजेरीपट भरताना मी तुम्हाला लहानपणी पाहिलंय, शाई वाळावी म्हणून पंख्याखाली धरायचात. प्रीतीला फोन केला तर ती म्हणते, "सरांनी लिहून दिलंय की पुढची इंजेक्शनं गावातल्या डॉक्टरांकडून घेतोय." ती तुमच्या लिहिलेल्यावर विसंबली.

खरं सांगा. सात तारखेपासून मामीला इंजेक्शन मिळतंय का?

भावना


डोंबिवली
१५ मार्च, दुपारी

भावना,

प्रणितच्या हातीच पाठवतो, तो नव्या पुलावरून लवकर पोचेल. फोन करायची हिंमत झाली नाही.

नाही मिळालं. सात ते चौदा, आठ दिवस. गावातल्या डॉक्टरचं खोटं होतं. मला वाटलं बाटलीत नुसतं पाणी आहे आणि तुम्ही आम्हाला खेळवताय. एक बाटली घेऊन कल्याणला ओळखीच्या केमिस्टकडे गेलो. त्याने चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "गुरुजी, हे अस्सल औषध आहे, आणि तुम्ही हे घेऊन उन्हात कशाला फिरताय?" तरी माझी खात्री पटेना. म्हटलं, हाही त्यांच्यातलाच असेल. आज प्रीतीला परत बोलावणार होतो. पण काल रात्रीपासून मंजुळेला थंडी वाजतेय. आत्ता ताप १०३. हा खरा आकडा आहे, थर्मामीटर माझ्या हातात आहे. पायाचा रंग बदललाय, वास येतोय.

ती फक्त वहीकडे बघते.

तू मला हवं ते म्हण. पण काय करू ते सांग.

मामा


ठाणे
१५ मार्च, चार वाजता

मामा,

ॲम्ब्युलन्स निघतेय, ही चिठ्ठी तिच्यातूनच प्रणितबरोबर पाठवतेय. मामीला काही खायला-प्यायला देऊ नका. औषधाच्या उरलेल्या सगळ्या बाटल्या आणि गेल्या महिन्याचे रिपोर्ट सोबत द्या. वही नको. परत येताना मामीजवळ प्रणितच बसेल. तुम्ही घरी थांबा, इथे येऊन भांडायला आता वेळ नाही. बाबांचं आपण नंतर बघू.

भावना


ठाणे, हॉस्पिटल
२२ मार्च

प्रणितच्या बापसास,

मंजुळेचा नमस्कार. मी चौथी शिकलेली, तुमाला म्हायती हाय. चुका लाल शाईनं काढू नका. पंचेचाळीस वर्षांत हे मी तुमाला लिवलेलं पयलं पत्र हाय. भावना म्हनली मी लिवून देते, मी नको म्हनलं.

ताप उतरला. आता जीवाला धोका नाय म्हनतात. पाय काय तसा ऱ्हायला नाय. मोठ्या डॉक्टरबाई काल पलंगावर बसून नीट समजावून सांगून गेल्या. मना त्या आवडतात, घाई करीत नाय. त्या म्हनल्या, मंजुळाबाई, आता दोन वाटा हायेत. पयली, पुन्ना हाड खरवडायचं आनि ती औषधाची नवी सळई बसवायची. आता चिठ्ठी लागनार नाय, चाचनीच्या बाहेर देता येती. तुमी जिच्यासाठी टपरीवर बसलात ती सळई. पन वरीसभर जाईल, दोन-तीन ऑपरेशनं व्हतील, आनि निम्मी आशा. दुसरी, गुडघ्याखालून पाय काढायचा. तीन म्हयन्यांत नकली पाय लावून चालता यील.

मी इचारलं, औषध बंद ऱ्हायलं म्हनून असं झालं का? त्या म्हनल्या, सांगता येत नाय. आठ दिवसांमुळं असंल, आधीच्या वर्षामुळं पन असंल, आमाला ठाव नाय. मी त्यांच्यावर इश्वास ठेवला. म्हनून तुमाला बोल लावत नाय. तुमीपन जल्मभर तेच उगाळत बसू नका.

पन एक बोलते. तुमी भावनेला लिवलं का मंजुळेचा काय दोष, ती एकोनीस वर्षांची व्हती. भावनेनं मना ते वाचून दाखवलं. दोष हाय. मीठ तुमी लावलं, हात माझा व्हता. तांब्यात हात घातला तवा दोनी चिठ्ठ्या बोटाला लागल्या. एक गुळगुळीत, एक खरखरीत. गुळगुळीत उचलली असती तर तुमी मना मारलं नसतं. तुमी तसे नाय. पन मी नवी व्हते, भ्यायले. रघुदाजी समोर उभं व्हतं, हसत व्हतं. त्या दिवसापासून बायजाताईच्या, भावनेच्या आईच्या, घरचं पानी मना गोड लागत नाय. भावनेला डबा का पाठवायची, तवा तुमी इचारलं नाय.

म्हनून मी सहीच्या आधी इचारलं, चिठ्ठी कोन काढनार. मशीन म्हनलात, मग मना कसली भीती नव्हती. जे निघंल ते खरं निघंल, येवढंच मना पायजे व्हतं. चौकट निघाली, मी आत्म्यापासून राजी व्हते. तुमी नव्हता. तुमी भांडलात, प्रीतीला परत धाडलंत, खोटी वही लिवलीत. आनि मी पलंगावर पडून बघत व्हते. तुमी तिला दारातून परत पाठवलं तवा मी वरडायला पायजे व्हतं. मी त्या दिवशीपन गप बसले. ह्यो माझा दुसरा दोष.

आता तिसऱ्यांदा गप बसनार नाय.

मी पाय काढायला सांगितलंय. सही मी केली. तुमाला इचारलं नाय. सळई बसवली असती तर वरीसभर तुमी रोज सकाळी पायाचा वास घेतला असता, डॉक्टरला चोर म्हनला असता, बाटल्या उन्हात धरून बघितल्या असत्या. मना ते आता सोसत नाय. पाय गेलेला चालंल. मना उठून चालायचंय. बाजारात जायचंय, माझ्या हातानं कोळंबी निवडून घ्यायचीय. रडले, खोटं कशाला सांगू. काल रातच्याला चादर तोंडात धरून रडले. भावना माझ्याजवळ बसून व्हती. ती पन रडली, पन ती तिच्या बापासाठी रडली, मना कळलं.

बायजाताई परवा मना भेटायला येनार हाय. ती यायच्या आधी तुमी तिच्या घरी जा आनि सगळं सांगा. कागदावर लिवून नको, तोंडानं. दार लावून घेतलं तर बाहेर बसा. तुमाला टपरीवर चार तास बसता येतं ना.

उद्या सकाळी नेतील. हे पत्र मी प्रणितकडं दिलंय, त्याला सांगितलंय का ऑपरेशन झाल्यावरच तुमाला द्यायचं. म्हंजे तुमाला मिळंल तवा झालेलं असंल. माझ्यावर रागावायचं तर रागवा, पन मग भेटायला या. वॉर्डात चप्पल घालून फिरायला लावतात, मना फरशी गार लागती. डाव्या पायाची तेवढी घेऊन या.

मंजुळा